प्रतिमेचा दर्जा आणि कॅमेऱ्याची उपस्थिती : प्रवेशस्तरीय डीएसएलआर व जलरोधक कॅमेरा यांच्या निवडीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डिजिटल कॅमेरा महाविद्यालयांच्या आवाक्यात आला, तेव्हा इतिहास, भूगोल, वनस्पतिशास्त्र यांसारख्या क्षेत्रकार्यावर आधारलेल्या विभागांपुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. मर्यादित अनुदानातून विभागासाठी एकच कॅमेरा घ्यावयाचा असेल तर तो कोणता घ्यावा? भिंगे बदलता येणारा, मोठ्या संवेदकाचा प्रवेशस्तरीय डीएसएलआर, की पावसात भिजणारा, पाण्यात बुडविता येणारा, खिशात मावणारा लहान कॅमेरा? या प्रश्नाचे उत्तर बहुधा मेगापिक्सेलच्या आकड्यांवरून अथवा विक्रेत्याच्या शिफारशीवरून दिले जाई. परंतु हे दोन कॅमेरे म्हणजे एकाच वस्तूच्या महाग व स्वस्त आवृत्त्या नव्हेत. छायाचित्रणाच्या इतिहासातील दोन स्वतंत्र परंपरांची ती फळे आहेत. 'डोळ्याला दिसते तेच चित्रात उतरेल काय?' या चिंतेतून पहिली परंपरा घडली. 'घटना घडेल तेथे कॅमेरा पोहोचेल काय?' या चिंतेतून दुसरी. प्रस्तुत लेखात या दोन्ही परंपरांचा मागोवा घेऊन, इतिहासाच्या साधनांच्या दृष्टीने या निवडीचा अर्थ काय होतो, याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. ओझे आणि दर्जा : एकोणिसाव्या शतकाचा वारसा

सन १८३९ मध्ये पॅरिस येथे दागेर याची छायाचित्रणपद्धती जाहीर झाली. सन १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढील सुमारे तीन दशके तिचेच राज्य राहिले. या पद्धतीत काचेवर कोलोडियनचा थर देणे, ती काच रौप्यद्रावणात बुडविणे, कॅमेऱ्यात घालून प्रकाश देणे आणि लगेच विकसित करणे ही सर्व कामे थर ओला असेपर्यंत, म्हणजे काही मिनिटांतच उरकावी लागत. साहजिकच छायाचित्रकाराला काचा, रसायने, पाणी आणि अंधाराचा तंबू घेऊनच हिंडावे लागे. सॅम्युअल बोर्न याने १८६० च्या दशकात हिमालयात ज्या छायाचित्रण-मोहिमा केल्या, त्यांत हमालांचा मोठा तांडा त्याच्याबरोबर असे. त्याच्या चित्रांचा दर्जा आजही थक्क करणारा आहे. पण त्या दर्जाचे ओझे अक्षरशः माणसांच्या पाठीवर होते.

आपल्याकडे ही कला फार लवकर रुजली. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार होते. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यात आयुष्य घालविणारा मेजर रॉबर्ट गिल याने तेथील लेण्यांची छायाचित्रेही घेतली आणि जेम्स फर्ग्युसन याच्या विवेचनासह ती १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. गिलने रंगविलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. ही घटना लक्षात घेता, नोंद एकाच रूपात असणे किती धोक्याचे असते आणि छायाचित्रासारख्या, अनेक प्रती काढता येणाऱ्या साधनाचे मोल किती, हे सहज कळून येते.

तथापि या संग्रहांकडे साधन म्हणून पाहताना त्यांची एक मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. ज्या यंत्राला भरपूर उजेड, स्थिर तिपाई, कोरडी जागा आणि हलणार नाही असा विषय लागतो, ते यंत्र मुख्यतः वास्तू, डोंगर आणि बसवून ठेवलेली माणसे टिपणार. मुसळधार पाऊस, चिखलातील लावणी, पुरात वाहून जाणारा साकव या गोष्टी अशा यंत्राच्या कक्षेत सहसा येत नाहीत. ज्या प्रदेशाचे अर्थकारण व समाजजीवन चार महिन्यांच्या पावसावर उभे आहे, त्या प्रदेशाच्या जुन्या दृश्य-नोंदीत खुद्द पाऊस विरळ असावा, याचे एक कारण यंत्राच्या या स्वभावात शोधता येते. दप्तरात काय नाही, हे पुष्कळदा दप्तर लिहिणाऱ्याच्या मर्जीवर ठरते. छायाचित्रांच्या बाबतीत ते यंत्राच्या कुवतीवरही ठरते.

सन १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि अंधाराचा तंबू पाठीवरून उतरण्याची शक्यता निर्माण झाली. सन १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन याने शंभर चित्रांची फिल्म भरलेला कोडॅक कॅमेरा विक्रीस आणला, तर १९०० मध्ये एक डॉलर किमतीचा ब्राउनी आणला. छायाचित्रणाच्या वाटा येथून फुटल्या. एका वाटेने दर्जा व नियंत्रण यांचा आग्रह धरला, दुसरीने सुलभता व सोबत यांचा.

२. आरशाची परंपरा : दिसते तेच उमटावे

कॅमेऱ्याच्या एकाच भिंगातून पाहावे आणि त्याच भिंगातून चित्र घ्यावे, ही कल्पना जुनी आहे. टॉमस सटन याने १८६१ मध्येच अशा परावर्तक कॅमेऱ्याचे एकस्व घेतले होते. भिंगामागे पंचेचाळीस अंशांत बसविलेला आरसा दृश्य वरच्या काचेवर पाडतो आणि चित्र घेण्याच्या क्षणी वर उचलला जातो, हे त्याचे मूलतत्त्व होय. ३५ मि.मी. फिल्मसाठी या तत्त्वावर चालणारा कॅमेरा ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीने १९३६ मध्ये 'किने एक्झाक्टा' या नावाने आणला. वरच्या काचेवरील उलटसुलट प्रतिमा पंचकोनी लोलकाच्या साहाय्याने डोळ्यासमोर सरळ आणण्याची सोय १९४९ च्या कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्यात आली. चित्र घेतल्यावर आरसा आपोआप लगेच खाली येण्याची युक्ती जपानच्या असाही कंपनीने १९५४ मध्ये यशस्वी केली, आणि १९५९ मध्ये आलेल्या निकॉन एफने या सर्व सुधारणांना भिंगांच्या विस्तृत मालिकेची जोड दिली. त्यानंतर वृत्तपत्रीय व शास्त्रीय छायाचित्रणात एकभिंगी परावर्तक कॅमेरा प्रमाणभूत ठरला.

या परंपरेला शिक्षणक्षेत्राशी जोडणारा कॅमेरा म्हणजे १९७६ मध्ये आलेला पेन्टॅक्स के१०००. साध्या बांधणीचा, पूर्णतः हाताने चालविण्याचा हा कॅमेरा १९९७ पर्यंत तयार होत राहिला आणि छायाचित्रण शिकणाऱ्यांच्या अनेक पिढ्या त्याच्यावर घडल्या. प्रवेशस्तरीय डीएसएलआर हा याच वंशातील होय. कोडॅकने १९९१ मध्ये निकॉन एफ३ च्या अंगावर १.३ मेगापिक्सेलचा संवेदक बसवून डीसीएस हा कॅमेरा आणला, पण तो मोठ्या संस्थांनाच परवडणारा होता. सन १९९९ च्या निकॉन डी१ ने वृत्तपत्रांचे जग बदलले. सामान्य ग्राहकासाठी निर्णायक ठरले ते २००३ हे वर्ष. त्या वर्षी कॅननने ६.३ मेगापिक्सेलचा ईओएस ३००डी हा कॅमेरा एक हजार डॉलरपेक्षा कमी किमतीत आणला. निकॉनने २००४ मध्ये डी७० आणि २००६ मध्ये डी४० आणून स्पर्धा तीव्र केली.

या कॅमेऱ्यांचे खरे सामर्थ्य संवेदकाच्या आकारात होते. ईओएस ३००डी चा संवेदक सुमारे २२.७ × १५.१ मि.मी. आकाराचा होता, तर सर्वसाधारण लहान कॅमेऱ्याचा सुमारे ६.२ × ४.६ मि.मी. म्हणजेच क्षेत्रफळ सुमारे बारापट झाले. मोठ्या क्षेत्रावर अधिक प्रकाश गोळा होत असल्याने लेण्यातील अंधुक उजेडातही प्रतिमा कमी दाणेदार येते आणि छायाप्रकाशाचे बारकावे टिकतात. दोन्हींवर मेगापिक्सेलचा आकडा तोच छापलेला असला, तरी हा भेद मिटत नाही.

परंतु किंमत उतरविण्यासाठी काहीतरी वगळावे लागते. लोलकाऐवजी आरशांची हलकी जुळणी आली, धातूऐवजी प्लॅस्टिक आले आणि मुख्य म्हणजे व्यावसायिक कॅमेऱ्यांत सांध्या-सांध्यांवर बसविलेल्या रबरी बंदिस्ती गेल्या. याला पेन्टॅक्सच्या २०१२ मधील के-३० सारखे काही अपवाद आहेत. त्यांत पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण होते, पण पाण्यात बुडविण्याची सोय त्यांतही नव्हती. म्हणून असे म्हणावे लागेल की, प्रवेशस्तरीय डीएसएलआरने व्यावसायिक कॅमेऱ्याचा डोळा बव्हंशी राखला, पण त्याची कातडी गमावली.

३. बंद पेटीची परंपरा : पोहोचेल तेथे टिपावे

दुसऱ्या परंपरेचा आरंभ एका अपयशाने होतो. इंग्लंडमधील विल्यम टॉमसन याने १८५६ मध्ये डॉर्सेटच्या किनाऱ्यावर पेटीबंद कॅमेरा समुद्रात सोडला. पेटीत पाणी शिरले, तरीही काचेवर अंधुक प्रतिमा उमटली. सन १८९३ मध्ये लुई बुतां या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने बान्यूल येथील सागरी प्रयोगशाळेत पाण्याखालील छायाचित्रणाचा पद्धतशीर अभ्यास केला. या परंपरेची प्रेरणा आरंभापासून संशोधनाची होती, ही बाब अध्यापकवर्गाने लक्षात घेण्याजोगी आहे.

स्वतंत्र पेटीविना पाण्यात नेता येईल असा ३५ मि.मी. चा कॅमेरा बेल्जियन अभियंता जां द वूतेर याने झाक कूस्तोच्या प्रेरणेने घडविला. कूस्तोच्या जहाजावरून 'कॅलिप्सो' असे त्याचे नाव पडले. १९६० च्या सुमारास तो फ्रान्समध्ये विक्रीस आला आणि १९६३ मध्ये निकॉनने तो 'निकॉनॉस' या नावाने स्वीकारला. या मालिकेचा पाचवा अवतार १९८४ मध्ये आला. निकॉनॉसमध्ये आरसा नव्हता. अंतर डोळ्यांनी अजमावून भिंगावर लावावे लागे. 'दिसते तेच उमटावे' ही हमी सोडून 'पोहोचेल तेथे टिपावे' हे ध्येय येथे पत्करले होते. निकॉनने १९९२ मध्ये निकॉनॉस आरएस या कॅमेऱ्यात दोन्ही परंपरा एकत्र आणल्या. पाण्यात बुडणारा, स्वयंकेंद्रित होणारा तो परावर्तक कॅमेरा तांत्रिकदृष्ट्या अपूर्व होता, पण अतिशय महाग व जड असल्याने अल्पजीवी ठरला. दोन्ही गुण एकत्र हवे असतील तर किंमत कोणत्या थराला जाते, याचा हा बोलका दाखला होय.

जलरोधक कॅमेरा पाणबुड्यांपुरता राहिला नाही. मिनोल्टाने १९८० मध्ये वेदरमॅटिक हा पिवळ्या रंगाचा कॅमेरा सुट्टीतील पर्यटकांसाठी आणला. त्याहून अर्थपूर्ण उदाहरण कोनिकाचे आहे. १९८८ मध्ये कोनिकाने जपानमध्ये जो मजबूत कॅमेरा आणला, त्याचे नाव 'गेनबा कान्तोकू', म्हणजे बांधकामावरील देखरेख करणारा मुकादम, असे होते. जपानमधील बांधकामांत प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र पुरावा म्हणून ठेवावे लागे. धूळ, पाऊस, चिखलाचे हात यांना न जुमानणारा कॅमेरा ही त्या पुराव्याची गरज होती. येथे सुंदर चित्रापेक्षा चुकता न होणारी नोंद महत्त्वाची मानली गेली.

डिजिटल युगात पेन्टॅक्सचा ऑप्टिओ डब्ल्यूपी २००५ मध्ये, ऑलिम्पसचा तीन मीटर खोलीपर्यंत चालणारा म्यू ७२० एसडब्ल्यू २००६ मध्ये आणि कॅननचा दहा मीटर खोलीपर्यंतचा पॉवरशॉट डी१० हा २००९ मध्ये आला. यांपैकी अनेक कॅमेऱ्यांत भिंग बाहेर येतच नाही. आत बसविलेला लोलक प्रकाशाला काटकोनात वळवितो आणि भिंगसमूह कॅमेऱ्याच्या पोटातल्या पोटात सरकतो, त्यामुळे पाणी शिरण्यास फट उरत नाही. या दोन्ही परंपरांनी प्रकाश वळविण्याचीच युक्ती वापरली, हे मोठे कुतूहलाचे आहे. डीएसएलआरने प्रकाश वळविला तो माणसाच्या डोळ्याकडे, जलरोधक कॅमेऱ्याने वळविला तो पाण्याला दार बंद ठेवण्यासाठी.

या परंपरेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. लहान संवेदकामुळे मंद प्रकाशात प्रतिमा खालावते. पाणी अडविण्याचे काम झाकणाच्या कडेची बारीक रबरी कडी करते. तिच्यावर वाळूचा एक कण अथवा एक केस अडकला तरी पाणी आत शिरते, आणि काळाने रबर कडक होते. कॅमेऱ्यावर लिहिलेली खोली ही नव्या, स्वच्छ कडीची व स्थिर पाण्याची असते. खाऱ्या पाण्यातून बाहेर काढल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात धुणे आणि कडी वेळोवेळी बदलणे अपरिहार्य असते. 'जलरोधक' या शब्दाने निष्काळजीपणाला मुभा मिळत नाही.

४. महाराष्ट्रातील क्षेत्रकार्य आणि निवडीचा प्रश्न

वरील इतिहास आपल्या क्षेत्रकार्याला लावून पाहिला असता निवडीचा प्रश्न अधिक नेमका होतो. मोडी कागदपत्रे, ताम्रपट, नाणी, शिलालेख, लेण्यांतील शिल्पे हे विषय स्थिर असतात आणि त्यांना बारकावा लागतो. झिजलेल्या शिलालेखावर बाजूने तिरपा प्रकाश टाकून, तिपाईवर कॅमेरा लावून अक्षरे उठावदार करणे हे डीएसएलआरचेच काम होय. तेथे जलरोधक कॅमेरा तोकडा पडतो.

याउलट जंजिरेवजा किल्ल्यांचा विचार करावा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग या सागरी किल्ल्यांचा समावेश आहे. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या तटाच्या पायथ्याची नोंद, होडीतून घ्यावयाची चित्रे, लाटांचे शिंतोडे अंगावर घेत करावयाची पाहणी यांसाठी उघड्या भिंगाचा कॅमेरा बॅगेतच राहण्याचा संभव अधिक. सन २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या नामांकनातून जागतिक वारसा ठरलेल्या कास पठाराचा बहर पावसाळ्याच्या उत्तरार्धातील धुक्यात व सरींतच पाहावा लागतो. तेथील इवल्या फुलांसाठी अगदी जवळून, काही जलरोधक कॅमेऱ्यांत एक सेंटिमीटर अंतरावरूनही, चित्र घेण्याची सोय वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष उपयोगी पडते.

सर्वांत गंभीर उदाहरण महापुराचे आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस पडला. सन २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली, तर जुलै २०२१ मध्ये चिपळूण पुराने वेढले गेले. पाणी कोणत्या घराच्या कोणत्या पायरीपर्यंत आले, कोणता रस्ता प्रथम बुडाला, लोक कोणत्या वाटेने बाहेर पडले, ही माहिती पुढील नियोजनाला व इतिहासलेखनाला मोलाची असते. भिंतीवरची पाण्याची रेघ मात्र पुढच्या रंगसफेदीत पुसली जाते. अशा वेळी विभागाच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुडीशेजारी सुरक्षित राहिलेला उत्तम कॅमेरा आणि अस्तित्वातच नसलेला कॅमेरा यांत इतिहासाच्या दृष्टीने काहीच अंतर उरत नाही.

कोकणातील दमट हवा आणखी एक अडचण निर्माण करते. डीएसएलआरची भिंगे कोरड्या बंद डब्यात न ठेवल्यास त्यांवर बुरशी चढते, आणि भिंग बदलताना धूळ संवेदकावर बसते. म्हणजे डीएसएलआर घेताना केवळ कॅमेरा विकत घेऊन भागत नाही. त्याची निगा राखणारी व्यवस्था आणि ते काम जाणणारी व्यक्तीही विभागात असावी लागते.

५. सद्यःस्थिती

ही निवड ज्या बाजारपेठेत निर्माण झाली, ती आता बरीच आकसली आहे. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार डिजिटल कॅमेऱ्यांची जागतिक रवानगी २०१० मध्ये १२ कोटींच्या वर होती. २०२० मध्ये ती ९० लाखांच्याही खाली आली. निकॉनच्या डी३५०० या २०१८ मधील प्रवेशस्तरीय डीएसएलआरला उत्तराधिकारी लाभला नाही, कारण आरसाविरहित कॅमेऱ्यांनी त्याची जागा घेतली. ऑलिम्पसचा कॅमेरा-व्यवसाय १ जानेवारी २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्यूशन्स या स्वतंत्र कंपनीकडे गेला. तिने २०२३ मध्ये टीजी-७ आणून जलरोधक परंपरा चालू ठेवली. दरम्यान २०१६ पासून आघाडीचे मोबाइल फोनही पाण्यापासून बऱ्यापैकी सुरक्षित झाले.

त्यामुळे प्रश्न संपला, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तो केवळ रूप बदलून उभा आहे. दर्जाचा वारसा आरसाविरहित कॅमेऱ्याकडे गेला आणि उपस्थितीचा वारसा फोनकडे. फोनमुळे पुराची, पावसाची, चिखलाची छायाचित्रे आज विपुल आहेत. परंतु ती व्यक्तींच्या खाजगी फोनमध्ये विखुरलेली असतात. फोन बदलला, अध्यापक निवृत्त झाले, की त्यांच्याबरोबर ती नोंदही विभागाबाहेर जाते. विभागाच्या मालकीचा कॅमेरा, त्याची नोंदवही, चित्रांना दिनांक व स्थळ लावून ती जतन करण्याची शिस्त यांची जागा फोन आपोआप घेऊ शकत नाही.

निष्कर्ष

१. प्रवेशस्तरीय डीएसएलआर आणि जलरोधक कॅमेरा यांतील भेद केवळ किमतीचा वा मेगापिक्सेलचा नाही. पहिला अचूक दर्शनाच्या, तर दुसरा निर्वेध पोहोचीच्या दीर्घ परंपरेतून आला आहे.

२. प्रवेशस्तरावर दोन्ही गुण एकत्र मिळणे दुर्मीळ आहे. निकॉनॉस आरएसचा अनुभव दर्शवितो की, त्यांच्या संयोगाची किंमत सामान्य संस्थेच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून निवड करताना कशावर पाणी सोडावयाचे आहे, हे आधी ठरवावे लागते.

३. स्थिर विषय, मंद प्रकाश आणि सूक्ष्म तपशील हे ज्या विभागाच्या कामाचे स्वरूप आहे, त्याने मोठ्या संवेदकाचा कॅमेरा घेणे उचित. पाऊस, समुद्र, चिखल आणि अनपेक्षित घटना यांच्याशी ज्याचा संबंध येतो, त्याला बंदिस्त कॅमेराच अधिक फलदायी ठरेल. दोन विभागांनी दोन प्रकारचे कॅमेरे घेऊन परस्परांना देणे हा लहान महाविद्यालयासाठी सर्वांत व्यवहार्य मार्ग होय.

४. कॅमेऱ्याची निवड ही दप्तराची निवड असते. आज विभाग जे यंत्र स्वीकारेल, त्याच्या कुवतीनुसारच उद्याच्या संशोधकाला या प्रदेशाचे चित्र दिसेल. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रकारांना यंत्रापुढे इलाज नव्हता. आपल्यापुढे पर्याय आहेत. म्हणून खरेदीचा प्रस्ताव लिहिताना यंत्राच्या गुणांच्या यादीआधी, गेल्या पाच वर्षांत आपल्या परिसरातील कोणत्या घटना नोंदीवाचून राहिल्या, याची यादी करावी. बहुतेक वेळा कोणता कॅमेरा घ्यावा, हे त्या यादीवरूनच कळेल.